जुन्या गाडीला दुसरं इंजिन निवडताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जीप, अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनीला दुसरं इंजिन चढवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "जास्त पॉवरचं कोणतं?" आमचं म्हणणं, इंजिन सगळ्यात शेवटी ठरवा. आधी कागद, डिफ (मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियल), रेडिएटर आणि ब्रेक बघा. त्यांना जे झेपेल तेच तुमच्या गाडीचं इंजिन.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते आणि काम झाल्यावर नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन ही वेगळीच गोष्ट आहे. परवानगी मिळेलच असं धरून इंजिन विकत घेऊन ठेवू नका. एमएच १८ (धुळे), १९ (जळगाव) किंवा ३९ (नंदुरबार), गाडीची नोंद जिथे आहे तिथे आधी विचारा. मंजुरी हातात आल्याशिवाय आम्ही जुनं इंजिन उतरवत नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येते.

गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील तर जरा थांबा. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. अशा गाडीचं मूळ इंजिन बोअर करून, नवे पिस्टन-रिंग टाकून घेणं केव्हाही शहाणपणाचं.

जुन्या इंजिनाच्या बिलावर इंजिन नंबर हवाच, सोबत मूळ गाडीच्या आरसीची प्रत. नंबर घासलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

कोणत्या गाडीला काय

अ‍ॅम्बेसेडरचं काम त्यातल्या त्यात सोपं. १४८९ सीसीच्या जागी इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल इंजिन कंपनीनेच पुढच्या मॉडेलमध्ये दिलं होतं, त्यामुळे फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंग) आणि पाच गिअरचा बॉक्स यांचा मेळ जमतो. काँटेसातलं तेच इंजिन घेतलं तर गिअर लिव्हर कुठे येतो, ते आधी मोजा.

पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, लांबीत बसवलेलं, आणि ओढ मागच्या चाकांना. म्हणून स्विफ्ट-अल्टोचं इंजिन डोक्यातून काढून टाका. ते आडवं बसतं आणि त्याचा डिफ गिअरबॉक्समध्येच असतो. जिप्सीचं १२९८ सीसी इंजिन लांबीत बसणारं आहे, ते विचारात घेण्यासारखं. व्हॅनची इंजिनं सीटखाली तिरकी बसवलेली असतात. सरळ बसवली तर चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइलच्या जाळीची जागा चुकते आणि चढावर ऑइलचं प्रेशर पडतं.

जीपमध्ये पुढचा अ‍ॅक्सल आडवा येतो. स्प्रिंग पूर्ण दबल्यावरही चेंबर आणि अ‍ॅक्सल यांच्यात निदान ५० मिमी जागा राहिली पाहिजे. उभ्या गाडीवर मोजलेली जागा खड्ड्यात उरत नाही.

डिफचा हिशेब

बहुतेक फसलेली कामं इथेच फसतात. मागचं एक चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना ओट (अडसर) लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा. जुन्या जीपचा हँडब्रेक शाफ्टवर असतो, तो सोडा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा: जो आकडा येईल तोच डिफचा रेशो. पाच फेरे आणि वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त आलं तर तो ५.३८, जुन्या जीपमध्ये नेहमी दिसणारा.

आता टायरवर खडूची खूण करा, गाडी एक फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा. समजा २.२ मीटर आलं. ताशी ८० किमीला चाक मिनिटाला सुमारे ६०६ फेरे फिरतं, गुणिले ५.३८, म्हणजे टॉप गिअर सरळ (१:१) असेल तर इंजिन मिनिटाला ३,२६० फेऱ्यांवर. बोलेरोच्या डीआय इंजिनाची पूर्ण पॉवर ३,२०० लाच मिळते. म्हणजे धुळे-जळगाव रस्त्यावर ते सतत शेवटच्या टोकाला ओरडत राहणार. डिफ ४.२७ असेल तर तोच वेग २,५९० वर मिळतो. इंजिन दोषी नसतं, जोडी चुकलेली असते. म्हणून शक्य तिथे गिअरबॉक्ससकट सेट घ्या.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या गाड्यांचे असतील तर मधली प्लेट चांगल्या लेथवाल्याकडूनच करून घ्या. सेंटर थोडा जरी चुकला तरी क्लच नीट सुटत नाही आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग लवकर जातं. ६०-७० च्या वेगाला गाडी थरथरत असेल तर शाफ्ट बॅलन्स करायच्या आधी शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन तपासा; ते सारखे आणि एकमेकांविरुद्ध हवेत.

उन्हाळा

भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पुण्यात चाललेली जोडणी इथे उकळते. जुना रेडिएटर कमी दाबासाठी बनलेला असतो. नव्या इंजिनासाठी ०.९ बारचं झाकण त्यावर लावलं की वरच्या टाकीचा सांधा फुटतो. रेडिएटरची जाळी नवी घ्या, पंख्याभोवती पत्र्याचं कडं बसवा. कडं नसेल तर पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा इलाज नाही. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) इंजिनाला आपण थंडच आहोत असं वाटत राहतं आणि ते पेट्रोल जास्त पितं. बोअरचं पाणी घालू नका, क्षार आत थर धरतात. तयार कूलंट वापरा.

इलेक्ट्रिक पंखा २० अँपिअरच्या आसपास ओढतो. जुना डायनॅमो तेवढ्यातच संपतो, हेडलाइटला काही उरत नाही. अल्टरनेटर ५५ अँपिअरच्या खाली नको.

पेट्रोल आणि ब्रेक

एमपीएफआयला सुमारे ३ बार दाबाचा पंप, परतीची नळी आणि आतून स्वच्छ टाकी लागते. गंजकी टाकी ठेवली तर आधी फिल्टर जातो, मग इंजेक्टर. सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. ई२० पेट्रोलमध्ये जुनं रबर मऊ होऊन चिरतं. इंजिनासोबत ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि पूर्ण वायरिंग त्याच गाडीचं घ्या, कापलेलं नको.

जिनिंगच्या वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, काम झाल्यावर पुन्हा घ्या. पुढे ४०-५० किलो वाढले तर स्प्रिंग आणि ब्रेक दोन्ही बघावे लागतात. तोरणमाळ किंवा कन्नडचा घाट उतरताना चारही ड्रमवरची जड गाडी धोक्याची.

जुनं इंजिन घेताना

कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. पेट्रोल इंजिनात सिलिंडरांमधला फरक १ किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंग गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

आमच्याकडे येताना आरसी, टायरवरचा साइज आणि वर सांगितलेला डिफचा आकडा घेऊन या. गाडी बहुतेक शेतरस्त्यावर चालते, हायवेवर की घाटात, तेही सांगा. काम झाल्यावर ५०० किमीला फाउंडेशन, शाफ्ट आणि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळायला गाडी आणा. त्याचे पैसे घेत नाही.