सोयाबडीत चिकनच्या दुप्पट प्रथिनं? आधी ती भिजवा
इंदूरच्या रामबागेपासून सुदामानगरपर्यंत आपल्या मराठी घरांत एक हिशोब वर्षानुवर्षं फिरतोय: १०० ग्रॅम सोयाबडीत (सोया चंक्समध्ये) ५२ ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच चिकनमध्ये जेमतेम २५-३०, म्हणजे बडी दुप्पट भारी. पाकिटावरचा आकडा खोटा नाही, पण तो कोरड्या बडीचा आहे. चिकनमध्ये मुळातच पाणी असतं, बडीतलं काढून टाकलेलं. भिजवून पिळल्यावर तिचं वजन अडीच-तीन पट होतं, म्हणजे ताटातल्या १०० ग्रॅममध्ये उरतात साधारण १७ ते २१ ग्रॅम प्रथिनं. एकाच्या वाटणीला कोरडी बडी ३० ग्रॅम धरली, तर प्रथिनं साधारण १५-१६ ग्रॅम.

हे वाईट मुळीच नाही. सोयाबीनच्या प्रथिनांचा दर्जा डाळींपेक्षा चांगला, आणि बडी तेल काढलेल्या पिठाची असल्यामुळे चरबीही नगण्य. (माळव्यात एवढं सोयाबीन पिकतं, तरी बडीला पोह्यांचा मान नाही, ते सोडा.)

बी-१२ जीवनसत्त्व मात्र तिच्यात नसतं. लोह भरपूर, पण वनस्पतीतलं असल्याने अंगी कमी लागतं. म्हणून वरून लिंबू पिळावं, त्याने लोह अंगी लागायला मदत होते. आणि सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात म्हणे! २०१० आणि २०२१मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर परिणाम आढळला नाही.