चॅटवरील दर्शनी नाव

चॅटवरील दर्शनी नाव : इंटरनेटवर गप्पा मारताना समोरच्याच्या पडद्यावर आपल्या मजकुराच्या आधी किंवा वर जे नाव उमटते ते. बोलण्यात त्याला निक, आयडी, डिस्प्ले नेम असे काहीही म्हणतात. खरे तर खाते उघडताना घेतलेला आयडी एक आणि इतरांना दिसणारे नाव दुसरे. अनेक सेवांमध्ये ही दोन वेगळी असतात. नावावरून माणूस ओळखायचा तर हा भेद आधी पाहावा लागतो. सहजी न बदलणाऱ्या नावात स्वभावाचा काही अंश सापडतो, घटकाभरात बदलता येणाऱ्या नावात त्या दिवसाचा मूड. एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा केली की अंदाज फसतात.

या नावांची पहिली मोठी बाजारपेठ म्हणजे आयआरसी, अर्थात ‘इंटरनेट रिले चॅट’ ही सामूहिक गप्पांची यंत्रणा. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने ही यंत्रणा १९८८ मध्ये तयार केली. १९९३ च्या तिच्या नियमावलीत निकला जास्तीत जास्त नऊ अक्षरांची मुभा होती. रोमन लिपीत लिहिले तर देशपांडे त्यात काठोकाठ बसतात, क्षीरसागर एका अक्षराने बाहेर राहतात. निक बदलायला एक छोटी आज्ञा पुरे, आणि ‘अमुक आता तमुक झाला’ ही सूचना गप्पांच्या त्या खोलीतल्या (चॅटरूममधल्या) सगळ्यांना जाई. त्यामुळे जेवायला किंवा झोपायला जाणारे आपल्या निकला तशी शेपटी जोडून जात. काही खोल्यांमध्ये हा शिष्टाचारभंग मानला जाई, कारण दर वेळी सर्वांच्या गप्पांत एक निरर्थक ओळ घुसे.

इतकी मोकळीक असूनही लोक रोज नवे सोंग घेत नसत. इस्रायली संशोधक हाया बेखर-इस्राएली यांनी १९९५ मध्ये आयआरसीवरील निकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खरे नाव वापरणारे थोडे निघाले. स्वतःचा स्वभाव, रूप, छंद किंवा अवस्था सांगणारी नावे पुष्कळ. लक्षणीय बाब अशी, की बहुतेक जण एकदा घेतलेला निक दीर्घकाळ जपत आणि तो दुसऱ्याने उचलला तर चिडत. गंमत म्हणून घेतलेले नाव बघता बघता अब्रूचा प्रश्न होई.

मूड खऱ्या अर्थाने नावात उतरला तो एमएसएन मेसेंजरवर. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत ओळख ईमेलच्या पत्त्यावर ठरे आणि दर्शनी नाव हवे तेव्हा बदलता येई. ब्रिटन, कॅनडा आणि युरोपातील शाळकरी मुलांनी या सोयीचे सोने केले. गाण्याची ओळ, लहान-मोठ्या अक्षरांची आलटूनपालटून सरमिसळ, तारे, बदामाची चिन्हे, कोणाची तरी आद्याक्षरे, परीक्षेला उरलेले दिवस, सगळे नावातच. मैत्री तुटली की आद्याक्षरे रातोरात गायब होत आणि यादीतल्या प्रत्येकाला ते दिसे. कोणी ऑनलाइन आले की पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या नावाची चौकट उगवे. म्हणून काही जण मुद्दाम बाहेर पडून पुन्हा आत येत, विशिष्ट माणसाने नवे नाव वाचावे यासाठी. दुःखाची ओळ ‘सगळ्यांसाठी’ लिहिलेली असली तरी तिचा वाचक बहुधा एकच असे. २००५ मध्ये वैयक्तिक संदेशाची वेगळी ओळ मिळाली आणि नावावरचा हा भार पुष्कळ उतरला.

अमेरिकेत त्याच सुमारास एआयएमचा, म्हणजे एओएल कंपनीच्या इन्स्टंट मेसेंजरचा, जोर होता. तेथील नाव खाते उघडतानाच ठरे. तेराव्या वर्षी घेतलेले नाव कॉलेजातही चिकटून राही, आणि मूड सांगण्याचे काम ‘अवे मेसेज’कडे, म्हणजे जागेवर नसताना लावून ठेवायच्या संदेशाकडे, गेले. वय तेच, उचंबळ तेवढाच. फरक फक्त सॉफ्टवेअरने कोणती खिडकी उघडी ठेवली एवढाच. नावावरून पिढीचे मानसशास्त्र सांगणारे हा मुद्दा सहसा विसरतात.

स्थिर नावावरून स्वभाव कळतो का, याची नीट तपासणी चॅटच्या निकांपेक्षा ईमेलच्या पत्त्यांवर झाली आहे. जर्मनीतील बाक, श्मुक्ले आणि एग्लोफ यांनी २००८ मध्ये ५९९ जणांचे केवळ पत्ते १०० परक्या निरीक्षकांना दाखवले. निरीक्षकांचे आपापसांत बरेच एकमत झाले आणि अंदाज काही प्रमाणात खरेही ठरले. अपवाद बहिर्मुखतेचा. चटपटीत, उड्या मारणारे नाव घेणारा माणूस बोलका असेलच असे नाही, हे तर कुठल्याही चॅटकऱ्याने आधीच सांगितले असते.

नाव उघड करते तसे झाकतेही. मेरीलँड विद्यापीठातील २००६ च्या एका प्रयोगात आयआरसीवर स्त्रीलिंगी नावांना पुरुषी नावांच्या सुमारे २५ पट धमकीचे वा अश्लील खासगी संदेश आले. अनेक स्त्रिया लिंग न सांगणारे कोरडे नाव घेतात त्यामागे हे कारण असते. त्यावरून त्यांना अबोल ठरवणे हा वाचणाऱ्याचा उथळपणा.

भारतात सायबर कॅफेच्या काळात याहू मेसेंजर (१९९८–२०१८) घरोघरी पोहोचला. वय, लिंग, गाव हा पहिला प्रश्न टाळण्यासाठी लोक उत्तर नावातच भरत : कूल किंवा हँडसम, मग पुणे किंवा ठाणे, शेवटी जन्मसाल. या नावांतून व्यक्तिमत्त्व कमी आणि जाहिरात जास्त दिसते. मराठी संकेतस्थळांवर याच्या नेमके उलटे घडले. १९९६ पासून चालत असलेल्या ‘मायबोली’सारख्या ठिकाणी आयडी हीच माणसाची पत झाली आणि दुसऱ्या नावाने वावरणाऱ्यासाठी ‘डुआयडी’ हा शब्द रूढ झाला. नाव नवे, पण खोचक बोलण्याची ढब जुनीच. जाणकार चार वाक्यांत ओळखतात.

व्हॉट्सॲपने (२००९) नाव ठेवण्याचा हक्कच फिरवला. तुम्ही स्वतःला काहीही म्हणवून घ्या, समोरच्याला दिसते ते त्याने फोनमध्ये जतन केलेले नाव : ‘गॅसवाला’, ‘प्लंबर शिंदे’, ‘मीनामावशी नवीन’. आपण निवडलेले नाव दिसते ते आपला नंबर नसलेल्यांना. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा विषय निघाला की ~ या नागमोडी चिन्हामागे ‘श्री स्वामी समर्थ’, ‘आईचा लाडका’ किंवा नुसता एक टिंब वाद घालताना दिसतो. आजचा मूड तिथे शोधू नये. ते नाव बहुधा फोन घेतला त्या दिवशी लिहिलेले असते. मूडसाठी २०१७ पासून चोवीस तासांचे स्टेटस आहे.

टाळेबंदीत, २०२० मध्ये, शाळा झूमवर भरू लागल्या तेव्हा नाव बदलण्याची सोय पुन्हा मुलांच्या हाती आली. कोणी वर्गमित्राचे नाव लावले, कोणी मास्तरांचे. सर्वांत डोकेबाज मुलांनी इंग्रजीत ‘पुन्हा जोडत आहे’ असे नाव घेतले, म्हणजे प्रश्न विचारला गेला तर नेटवर्क गेले असे वाटावे. शिक्षकांनी मग नावाआधी हजेरी क्रमांक सक्तीचा केला, आणि ज्यांना सेटिंग सापडले त्यांनी नाव बदलण्याची सोयच बंद केली.