डेव्हलप न केलेला कागद : सोलरग्राफीच्या मागची गोष्ट

कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनला सुईने बारीक भोक पाडायचं, अंधारात आत ब्लॅक अँड व्हाईट फोटो पेपर बसवायचा, कॅन दक्षिणेकडे तोंड करून खांबाला घट्ट बांधायचा आणि सहा महिने त्याला हात लावायचा नाही. एवढं केलं की सूर्याच्या रोजच्या वाटेची एकेक कमान कागदावर उमटत जाते, ज्या दिवशी ढग असतील तिथे रेघ तुटते. यालाच सोलरग्राफी म्हणतात.

भोकातून सूर्य बघणं फार जुनं आहे. १६५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेट्रोनियो चर्चमध्ये वर भोक ठेवून खाली फरशीवर लांबच लांब रेघ आखून घेतली आणि मध्यान्हीला तिच्यावर पडणारं सूर्याचं बिंब वर्षभर मोजलं. जयपूरच्या जंतरमंतरमधलं षष्ठांश यंत्रही असंच, अंधारी खोली, वर भोक, आणि खाली वक्र पट्टीवर सरकणारं बिंब. पण ते सगळं डोळ्याने बघून हाताने लिहून ठेवायचं, बिंब स्वतः काही मागे ठेवत नव्हतं.

ते १८३० च्या दशकात जमायला लागलं. इंग्लंडचा टॅल्बॉट, फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक, मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेला कागद कॅमेऱ्यात ठेवायचा आणि नुसत्या उजेडाने तो काळा पडेपर्यंत थांबायचा. १८४० मध्ये त्याला कळलं की थोडाच उजेड दिला तरी कागदावर न दिसणारं चित्र असतं आणि केमिकलने ते वर आणता येतं, यालाच डेव्हलप करणं म्हणतात. झालं, तासांचं काम मिनिटांवर आलं आणि फोटोग्राफी जी वेगाच्या मागे लागली ती लागलीच.

हवामानवाल्यांनी मात्र नुसत्या उजेडाने खूण उमटवायची जुनी पद्धत सोडली नाही. जॉर्डन नावाच्या माणसाच्या सनशाईन रेकॉर्डरमध्ये (ऊन किती वेळ पडलं ते नोंदवणारं यंत्र) बंद डब्याच्या फटीतून ऊन आत यायचं आणि सायनोटाईप कागदावर (उन्हाने निळा होणारा कागद) त्या दिवसाच्या उन्हाची रेघ उमटायची, मग कागद पाण्यात धुवायचा, दुसऱ्या दिवशी नवा. माझ्या मते सोलरग्राफीचा खरा पूर्वज हाच, फोटोग्राफीच्या इतिहासात त्याचं नाव फारसं येत नाही याचं वाईट वाटतं.

मग सोलरग्राफी यायला एवढा उशीर का, अडलं कुठे? महिनोन् महिने ऊन खाल्लेला फोटो पेपर डेव्हलपरमध्ये टाकला तर पूर्ण काळा होतो, नुसता फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या केमिकलमध्ये) टाकला तर चित्र फिकं पडतं, आणि तसाच ठेवला तर बघता बघता उजेडाने खराब होतो. म्हणजे चित्र आहे पण टिकवायचं कसं हा प्रश्न. तो स्कॅनर घरोघरी आल्यावर सुटला, कागद कॅनमधून काढून लगेच स्कॅन करायचा (स्कॅनरच्या दिव्यानेही तो थोडा बिघडतोच, म्हणून एकदाच), मग कॉम्प्युटरवर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करायचं. २००० च्या सुमारास पोलंडचे पावेऊ कुला, स्वावोमिर देत्सिक आणि स्पेनचा दिएगो लोपेझ काल्विन यांनी ‘सोलारिस’ प्रोजेक्टमध्ये हे पसरवलं, पुढे फिनलंडच्या तार्या त्रिगने जगभरातल्या लोकांकडून अशी चित्रं गोळा करून नकाशावर मांडली.

सगळ्यात लांबलेलं उदाहरण इंग्लंडमधल्या बेफर्डबरी वेधशाळेचं. रेजिना वाल्कनबोर्गने २०१२ मध्ये तिथल्या टेलिस्कोपवर लावलेला बिअरचा कॅन विसरला गेला आणि २०२० मध्ये सापडला, त्यात आठ वर्षांच्या २,९५३ कमानी!

आपल्याकडे करायचं तर एक लक्षात ठेवा, मुंबई-पुण्यात मे ते जुलै सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे कॅन सरळ उभा बांधला तर त्या दिवसांच्या कमानींचा माथा कागदावर येतच नाही. कॅन थोडा आकाशाकडे कलता बांधा, आणि भोकात पावसाचं पाणी जाणार नाही एवढं बघा.