कार्यात्मक स्थिरता

कार्यात्मक स्थिरता : एखादी वस्तू ज्या कामासाठी नेहमी वापरतात, त्यापलीकडचा तिचा उपयोग ऐन गरजेच्या वेळी न सुचणे. समस्या-परिहाराच्या मानसशास्त्रातील ही संकल्पना कार्ल डुंकर (१९०३–४०) यांनी मांडली. ते बर्लिनच्या व्यूहवादी (गेस्टाल्ट) परंपरेत, म्हणजे अनुभवाकडे सुट्या भागांची बेरीज म्हणून न पाहता समग्रपणे पाहणाऱ्या परंपरेत घडले. मॅक्स व्हर्टहायमर आणि वोल्फगांग कोलर हे त्यांचे गुरू. नाझी राजवटीत त्यांना जर्मनी सोडावी लागली. त्यांचा १९३५ चा जर्मन ग्रंथ १९४५ मध्ये इंग्रजीत आला, तोवर त्यांचे अमेरिकेत निधन झाले होते.

डुंकर यांचा मेणबत्तीचा प्रयोग विख्यात आहे. टेबलावर मेणबत्त्या, आगकाड्या, ड्रॉइंग पिना आणि छोटी खोकी ठेवलेली असत. दारावर डोळ्यांच्या उंचीवर मेणबत्त्या उभ्या करायच्या, एवढेच काम. उत्तर सोपे आहे: खोके पिनांनी दाराला टोचायचे आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची. खोकी रिकामी असली की हे पटकन सुचे. पण त्यांतच पिना आणि काड्या भरून ठेवल्या की कित्येकांना ते सुचतच नसे. रॉबर्ट ॲडमसन यांनी १९५२ मध्ये हाच प्रयोग अधिक लोकांवर केला. रिकामी खोकी मिळालेल्यांपैकी ८६ टक्के यशस्वी झाले, भरलेली मिळालेल्यांपैकी ४१ टक्के. दोन्ही गटांसमोरचे सामान तेच होते. भरलेले खोके ‘पिना ठेवायचे खोके’ म्हणून मनात पक्के बसते आणि त्याचा फळीसारखा उपयोग होईल याकडे लक्षच जात नाही.

बक्षिसाने ही अडचण सुटत नाही, उलट वाढते. सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये काहींना लवकर उत्तर दिल्यास पैसे देऊ केले. भरलेल्या खोक्याच्या कोड्यात त्यांनाच सरासरी काही मिनिटे जास्त लागली. रिकाम्या खोक्याच्या सोप्या कोड्यात मात्र पैशाने वेग आला. घाई झाली की मन मळलेली वाट आणखी घट्ट धरते, असा याचा अर्थ लावतात.

नॉर्मन मायर यांच्या १९३१ च्या प्रयोगात छतापासून दोन दोऱ्या लोंबत असत. त्यांची टोके एकमेकांना बांधायची. पण एक हातात धरली की दुसरीपर्यंत हात पोहोचत नसे. खोलीतली पक्कड एका दोरीला बांधून तिला झोका दिला की काम होते. अडलेल्या व्यक्तीजवळून जाताना मायर सहज लागल्यासारखा दोरीला धक्का देत. त्यानंतर थोड्याच वेळात अनेकांना उत्तर सापडे. पण ते कशावरून सुचले असे विचारल्यावर बहुतेकांना त्या धक्क्याची आठवणही नसे. माणूस स्वतःच्या विचाराचा जो वृत्तान्त सांगतो, त्यावर किती विसंबावे हा मोठा प्रश्न या प्रयोगाने उभा केला आणि तो आजही मिटलेला नाही.

पाच वर्षांच्या मुलांत ही स्थिरता दिसत नाही, सहा-सात वर्षांच्या मुलांत दिसते, असे टिम जर्मन आणि मार्गरेट डिफेटर यांना २००० साली आढळले. इक्वाडोरच्या ॲमेझॉन भागातील शुआर लोक कारखानी वस्तू फारशा वापरत नाहीत, तरी त्यांच्यातही ती आढळते.

पाठ्यपुस्तके तिला सर्रास दोष म्हणून शिकवतात, ते एकांगी आहे. पक्कड कशासाठी असते हे ठाऊक असल्यामुळेच रोजची शेकडो कामे विचार न करता उरकतात. तेच ज्ञान नव्या प्रसंगी आड येते, इतकेच.

तिच्यावर मात करण्याची एक रीत टोनी मॅकॅफ्री यांनी २०१२ मध्ये तपासली. वस्तूचे सुटे भाग करत जायचे आणि प्रत्येकाचे वर्णन त्याच्या कामाचा उल्लेख टाळून करायचे. त्यांच्या एका कोड्यात पोलादाची दोन जड कडी एकत्र जोडायची असतात आणि हाताशी मेणबत्ती, काडी व पोलादी ठोकळा असतो. मेण वितळवून कडी चिकटवली तर ती टिकत नाहीत. ‘वात’ म्हटले की जळणेच डोळ्यांपुढे येते. ‘सुतळीचा तुकडा’ म्हटले की मेण खरवडून तो बाहेर काढावा आणि त्याने कडी बांधावीत, हे सुचते.