बीएमडब्ल्यू-६ : दोन स्ट्रोकचे इंजिन

बीएमडब्ल्यू-६ या जर्मन विमान-इंजिनाचा तांत्रिक तक्ता पाहिला की स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या धावेच्या, रकान्यात दोन आकडे दिसतात : १९० मिमी आणि १९९ मिमी. ही छपाईची चूक नाही. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) सगळीकडे १६० मिमीच, पण एका रांगेतले सहा सिलिंडर प्रत्येकी ३.८२ लिटरचे आणि समोरच्या रांगेतले सहा ४ लिटरचे. बेरीज ४६.९ लिटर. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीची लष्करी विमाने ज्या इंजिनावर पुन्हा उभी राहिली, ते हेच.

हे दोन आकडे का, ते कनेक्टिंग रॉडमध्ये, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी (इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या दांड्यात, कळते. ६० अंशांच्या व्ही-१२ इंजिनात, म्हणजे सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’सारख्या तिरक्या असलेल्या इंजिनात, समोरासमोरच्या दोन सिलिंडरांना क्रँकशाफ्टची एकच पिन वाटून घ्यावी लागते. दोन रॉड शेजारी-शेजारी बसवले तर पिन रुंद होते आणि शाफ्टची लांबी वाढते. एक रॉड काट्यासारखा दुभंगून दुसरा त्याच्या मध्ये बसवला तर बेअरिंगचे काम किचकट होते. बीएमडब्ल्यूने तिसरा मार्ग घेतला. एका रांगेचा मुख्य रॉड थेट पिनवर, आणि दुसऱ्या रांगेचा छोटा रॉड त्या मुख्य रॉडच्याच खांद्यावर एका वेगळ्या खिळीने जोडलेला. आता ही खिळी क्रँकच्या केंद्राभोवती नेमके वर्तुळ काढत नाही, मुख्य रॉडच्या डुलण्यामुळे तिचा मार्ग थोडा लांबट होतो. तिला जोडलेला पिस्टन म्हणूनच ९ मिमी जास्त धावतो. पद्धत सोपी आणि मजबूत. किंमत एवढीच की दोन्ही रांगांच्या पिस्टनची चाल तंतोतंत सारखी राहत नाही, आणि मुख्य रॉडला दुसऱ्या सिलिंडरचा ताणही बाजूने सोसावा लागतो.

या इंजिनाचे मूळ १९१७ सालच्या बीएमडब्ल्यू-३ए मध्ये आहे. माक्स फ्रिट्झ यांचे हे सहा सिलिंडरचे, १९.१ लिटरचे इंजिन. वर गेले की हवा विरळ होते. ४,००० मीटरवर तिची घनता जमिनीवरच्या सुमारे दोन तृतीयांश उरते आणि साध्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. फ्रिट्झ यांनी इंजिन मुद्दाम मोठे ठेवले आणि कॉम्प्रेशनही (पेटण्याआधी मिश्रण दाबण्याचे प्रमाण) जास्त ठेवले. जमिनीवर थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडायचा नाही, नाहीतर नॉकिंग होऊन, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून, पिस्टन जळणार. वैमानिक जसजसा वर जाईल तसतसा थ्रॉटल उघडत जायचा. सुपरचार्जर (इंजिनात हवा कोंबणारा पंप) न लावता उंचीवर ताकद टिकवण्याची ही युक्ती होती. फोकर डी-७ या जर्मन लढाऊ विमानाला ती इतकी मानवली की त्या विमानाचे नावच इंजिनामुळे झाले म्हणावे. पुढच्या बीएमडब्ल्यू-४ मध्ये बोअर १६० आणि स्ट्रोक १९० झाला. ते बसवून जून १९१९ मध्ये वैमानिक फ्रान्झ त्सेनो डीमर ९,७६० मीटरपर्यंत चढला.

त्याच महिन्यात पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह झाला. कलम १९८ ने जर्मनीला हवाई दल ठेवण्याची बंदी केली आणि कलम २०१ ने विमाने व इंजिने बनवणे काही काळ पूर्ण थांबवले. बीएमडब्ल्यू रेल्वेचे ब्रेक बनवू लागली. पुढच्या काही वर्षांत बंधने सैल झाली तरी हात बांधलेलेच होते. १९२५ पासून जर्मन वैमानिक सोव्हिएत रशियातल्या लिपेत्स्कला गुपचूप शिकू लागले. त्यांच्या फोकर डी-१३ विमानांना इंजिन होते ब्रिटिश नेपियर लायन. जर्मन लष्कराच्या छुप्या शाळेत कालच्या शत्रूचे इंजिन, यावरून घरची अवस्था कळावी.

बीएमडब्ल्यू-६ आले १९२६ मध्ये. त्याच वर्षी लुफ्थान्सा ही विमान कंपनी स्थापन झाली आणि मे महिन्यात पॅरिस करारामुळे नागरी विमानांवरची बहुतेक बंधने उठली. कोऱ्या कागदावरून नवे इंजिन काढायला कंपनीकडे ना पैसा होता ना वेळ. म्हणून बीएमडब्ल्यू-४ च्या दोन रांगा एका क्रँककेसवर ६० अंशांत बसवल्या. बारा सिलिंडरांना दर ६० अंशांनी एक स्फोट मिळतो, त्यामुळे हा कोन सोयीचाच. सिलिंडर पोलादाचे, प्रत्येक सुटा, बाहेरून पत्र्याचे पाण्याचे आवरण वेल्ड केलेले. पिस्टन ॲल्युमिनियमचे. प्रत्येक रांगेवर एक कॅमशाफ्ट, तो उभ्या दांड्याने फिरवलेला. एका सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग. वजन सुमारे ५१० किलो.

सुट्या सिलिंडरचा फायदा मेकॅनिकला कळतो : एक बिघडला तर तेवढाच काढून बदलता येतो. तोटेही त्यातच आहेत. दोन सिलिंडरांमध्ये आवरण आणि वेल्डिंगपुरती जागा सोडावी लागते, म्हणून इंजिन लांब होते आणि लांब शाफ्ट पिळवटतो. एकसंध ओतीव ब्लॉकचा ताठरपणा मिळत नाही. पातळ पत्र्याचे वेल्ड सततच्या थरथरीने तडकतात आणि पाणी गळते. या पद्धतीच्या सगळ्याच इंजिनांचे हे दुखणे. फिरण्याचा वेग वाढवायचा म्हटले की या अडचणी आडव्या येतात. मिनिटाला १,७०० फेऱ्यांच्या आसपास गाडी अडली ती अडलीच.

वेग वाढवता येत नाही तर कॉम्प्रेशन वाढवायचे. इंजिनाच्या नावापुढचे ५.५, ६.० आणि ७.३ हे आकडे म्हणजे कॉम्प्रेशनचे प्रमाण. ५.५ साध्या पेट्रोलवर चाले. ७.३ ला नॉकिंग सोसणारे चांगले इंधन लागे. ताकद ५००-६०० अश्वशक्तीपासून सुरू होऊन ७.३ मध्ये ७५० पर्यंत पोचली. नावात ‘यू’ असेल तर प्रोपेलर गिअरमधून हळू फिरवलेला.

नागरी कामात या इंजिनाने नाव कमावले. वोल्फगांग फॉन ग्रोनाऊ ऑगस्ट १९३० मध्ये बीएमडब्ल्यू-६ लावलेल्या डॉर्नियर वाल उडत्या बोटीतून झिल्ट बेटावरून न्यूयॉर्कला पोचले. २१ जून १९३१ ला फ्रान्झ क्रुकेनबर्ग यांच्या ‘रेल्वे झेपेलिन’ नावाच्या रेल्वेगाडीने, मागे प्रोपेलर लावून, रुळांवर ताशी २३० किलोमीटर गाठले, इंजिन हेच.

१९३३ नंतर उघड शस्त्रसज्जता सुरू झाली तेव्हा तयार, भरवशाचे आणि मोठ्या संख्येने बनवता येणारे इंजिन म्हणजे बीएमडब्ल्यू-६. आराडो ६५, हाइन्केल ४५, हाइन्केल ५१, डॉर्नियर २३, डॉर्नियर १७-ई, सगळीकडे तेच. पण फेब्रुवारी १९३५ मध्ये उडालेल्या हाइन्केल १११ ला ते अपुरे पडू लागले. सुरुवातीची लष्करी विमाने जड आणि मंद निघाली, लुफ्तवाफेने (जर्मन हवाई दलाने) ती नाकारली आणि चीनला विकली गेली. पुढच्या आवृत्तीला डाइमलर-बेंझचे डीबी-६०० मिळाले. स्पेनमध्ये १९३६ साली हाइन्केल ५१ रशियन आय-१५ लढाऊ विमानापुढे टिकले नाही आणि त्याला जमिनीवरच्या माऱ्याला लावावे लागले.

कारण हिशेबात आहे. ४६.९ लिटरमधून ७५० अश्वशक्ती म्हणजे लिटरला १६. सुपरचार्जर लावलेले युंकर्स कंपनीचे यूमो-२१० इंजिन अवघ्या १९.७ लिटरमधून ६८० काढत होते, म्हणजे लिटरला जवळपास ३५. मोठे इंजिन म्हणजे रुंद नाक, मोठा रेडिएटर, जास्त वारा अडणार. १९१७ ची युक्ती १९३५ पर्यंत ताणली होती, एवढेच. बीएमडब्ल्यूने अमेरिकी प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या हॉर्नेट इंजिनाचा परवाना १९२८ मध्येच घेतला होता. त्यातून निघालेल्या हवेने थंड होणाऱ्या १३२ इंजिनाकडे कंपनी वळली.

परदेशात मात्र या इंजिनाचे आयुष्य लांबले. जपानमध्ये कावासाकीने ते बनवले आणि सुधारून हा-९ या नावाने की-१० लढाऊ विमानात बसवले. सोव्हिएत संघाने १९२७ मध्ये परवाना घेतला आणि रिबिन्स्कला एम-१७ या नावाने उत्पादन सुरू केले. जर्मनीत नऊ हजारांच्या आसपास इंजिने झाली, तिथे सत्तावीस हजारांहून जास्त. टीबी-३ बॉम्बर, आर-५ टेहळणी विमान आणि ताकद उतरवून बीटी-७, टी-२८ रणगाडे, सगळ्यांत एम-१७. रणगाड्यात पेट्रोल पेटण्याचा धोका होता. डिझेलवर चालणारे व्ही-२ इंजिन आल्यावर तो कमी झाला.

सोव्हिएत अभियंते अलेक्सांद्र मिकुलिन यांनी नंतर एम-३४ इंजिन आखताना सुटे सिलिंडर टाकून देऊन एकसंध ओतीव ब्लॉक घेतला. बोअर १६० आणि मुख्य स्ट्रोक १९० मात्र तसेच ठेवले. त्याच घराण्यातले एएम-३८ इल्यूशिन-२ मध्ये बसले. १९४१ मध्ये जर्मन रणगाड्यांवर झेपावणाऱ्या त्या विमानाच्या इंजिनाच्या तक्त्यातही स्ट्रोकचे दोन आकडे आहेत : १९० आणि १९६.७७ मिमी.