क्रोनोग्राफ की क्रोनोमीटर? जुनं घड्याळ घेण्याआधी

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेल्या माझ्या भाच्यानं परवा एका जुन्या स्विस घड्याळाचा फोटो पाठवला. "मामा, डायलवर क्रोनोमीटर लिहिलंय. स्टॉपवॉचवालं एवढ्या स्वस्तात मिळतंय, घेऊ का?" फोटोत चावीच्या वर-खाली एकही बटण नव्हतं. म्हणजे स्टॉपवॉच त्यात नव्हतंच.

क्रोनोग्राफमध्ये वेळ मोजायची सोय असते. बटण दाबलं की मधला लांब काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो, मग दुसऱ्या बटणानं बारावर परततो. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेची परीक्षा पास झालेलं घड्याळ. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था मशीन १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढ्यात बसलं तरच प्रमाणपत्र. आजची रोलेक्स डेटोना दोन्ही आहे. १९६९ मध्ये चंद्रावर गेलेली ओमेगा स्पीडमास्टर मात्र फक्त क्रोनोग्राफ होती.

बजेट बेताचं असेल तर जुन्या घड्याळात 'क्रोनोमीटर' या शब्दासाठी मी एक रुपयाही जादा देणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी पास झालेलं मशीन आज तसंच चालेल याची खात्री नसते, आणि आपल्याकडे डायल नव्यानं रंगवून, त्यावर हवा तो शब्द लिहून विकणारे खूप आहेत.

क्रोनोग्राफ हातात घेऊन तपासता येतो, हे त्याचं मोठं सुख. पूर्ण चावी द्या, काटा सोडा आणि पाच मिनिटं तसाच चालू ठेवा. मशीन थकलेलं असेल तर तेवढ्यात घड्याळच मंदावतं किंवा बंद पडतं. साठ सेकंद झाले की मिनिटांचा छोटा काटा एक घर सरकला पाहिजे. शून्यावर आणल्यावर मोठा काटा बरोबर बारावर बसला पाहिजे, रेघभर इकडेतिकडे नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: लँडेरॉन ४८ मशीनमध्ये वरचं बटण फक्त सुरू करतं, थांबवणं आणि शून्यावर आणणं दोन्ही खालच्याच बटणानं. हे माहीत नसल्यानं चांगलं घड्याळ बिघडलेलं समजून लोक परत करतात.

हेच मशीन बऱ्याचदा 'क्रोनोग्राफ स्विस' लिहिलेल्या सोनेरी घड्याळांत असतं. ते कंपनीचं नाव नाही. केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची पेटी, अठरा कॅरेटची असली तरी पत्रा फार पातळ असतो, कोल्हापूरच्या गुजरीतला कुठलाही सराफ हातात घेताच सांगेल. सोन्याच्या हिशेबानं किंमत देऊ नका.

रोज मोटारसायकलवरून, कोल्हापूरच्या पावसात घालायचं असेल तर जुनं घेऊच नका. बटणांतून पाणी शिरतं. सर्व्हिसिंगही साध्या घड्याळापेक्षा बरंच महाग पडतं, कारण भाग जास्त. त्यापेक्षा हॅमिल्टन, टिसो, लाँजिन यांचं व्हॅल्जू ७७५० हे क्रोनोग्राफ मशीन किंवा त्याच घराण्यातलं मशीन असलेलं वापरलेलं घड्याळ बघा. १९७० च्या दशकापासून हे मशीन चालत आलंय, सुटे भाग मिळतात, ते खोलणारे कारागीरही सापडतात.

भाच्याला मी हेच सांगितलं. रविवारी आम्ही एक बघायला जाणार आहोत, आणि आधी पाच मिनिटं काटा चालवणार आहोत.