सेवा-अभिलेख दुरुस्ती, सैनिकी (अमेरिका)

सैन्यातून मुक्त झालेल्या व्यक्तीच्या सेवा-अभिलेखातील चुकीच्या, अपुऱ्या किंवा राहून गेलेल्या नोंदी अधिकृतपणे बदलून घेण्याची प्रक्रिया. प्रस्तुत नोंदीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पद्धतीचा आणि त्यातही परदेशातील तैनाती व पदके या दोन बाबींचा विचार केला आहे. सेवामुक्तीचा शेरा (सन्मानपूर्वक की अन्य प्रकारे मुक्त केले, याची नोंद) बदलून घेणे हा शेजारचा, पण वेगळा विषय असून त्याचा येथे प्रसंगोपात्तच उल्लेख येईल.

या प्रक्रियेच्या केंद्रस्थानी ‘डीडी-२१४’ हे सेवामुक्तीचे प्रमाणपत्र असते. ते १ जानेवारी १९५० पासून सर्व सैन्यदलांसाठी समान झाले. त्यापूर्वी भूसेना, नौसेना आणि मरीन दल यांचे निरनिराळे नमुने होते. सध्याच्या नमुन्यात परदेशातील सेवेचा एकूण काळ रकाना १२-एफमध्ये, पदके व बिल्ले रकाना १३ मध्ये, तर तैनातीचा देश आणि तारखा सामान्यतः रकाना १८ मधील शेऱ्यांत लिहितात. एकदा दिलेले डीडी-२१४ सहसा नव्याने लिहिले जात नाही. दुरुस्ती ‘डीडी-२१५’ या पुरवणी पत्रकावर होते आणि ते मूळ प्रमाणपत्रास जोडले जाते. दोन्ही कागद सोबत नसले की निवृत्तिवेतन किंवा रुग्णालयाच्या खिडकीवर जुनीच माहिती ग्राह्य धरली जाते, हे अनेक माजी सैनिकांच्या लक्षात उशिरा येते.

चुका का होतात, याची कारणे बहुतांशी साधी आहेत. प्रमाणपत्र सेवेच्या अखेरच्या दिवसांत, हाताशी असेल त्या कागदावरून कारकून टंकलिखित करीत. पदकाचा आदेश निघेपर्यंत सैनिक घरी पोहोचलेला असे. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील कित्येक प्रमाणपत्रांवर परदेशातील सेवेपुढे केवळ ‘यूएसएआरपॅक’, म्हणजे पॅसिफिक भागातील भूसेना, एवढाच शिक्का आढळतो. त्यात व्हिएतनाम येते, तसेच ओकिनावा आणि हवाईही येतात. दुसरा वर्ग चुकांचा नसून विलंबाचा आहे : सन्मानच मागाहून निर्माण झाला. १९७४ च्या भूसेना सर्वसाधारण आदेश क्र. ८ अन्वये व्हिएतनाममधील अमेरिकन भूसेनेच्या तुकड्यांना व्हिएतनाम प्रजासत्ताकाचा (दक्षिण व्हिएतनामचा) ‘गॅलंट्री क्रॉस’ हा सामूहिक सन्मान लागू झाला. त्याआधी घरी परतलेल्या सैनिकाच्या कागदावर तो असणे शक्यच नव्हते. कोरियातील शस्त्रसंधीनंतरच्या काळात, २८ जुलै १९५४ पासून पुढे, तेथे सेवा केलेल्यांसाठीचे ‘कोरिया डिफेन्स सर्व्हिस मेडल’ तर २००२ च्या कायद्याने अस्तित्वात आले. दुसऱ्या महायुद्धात ‘कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज’ (लढाईतील पायदळ सैनिकाचा बिल्ला) किंवा लढाईतील वैद्यकीय सेवेचा बिल्ला मिळालेल्यांना १९४७ च्या धोरणानुसार ‘ब्राँझ स्टार’ हे पदक देय ठरले, पण त्यासाठी अर्ज करणे आवश्यक होते. ज्यांना हे कळलेच नाही, त्यांची कुटुंबे आजही ते मागताना दिसतात.

पदकाच्या नोंदीचे मोल मानसन्मानाचे, तर तैनातीच्या नोंदीचे मोल थेट औषधोपचाराचे असते. व्हिएतनाममधील विषारी तणनाशकाच्या संपर्काबाबत १९९१ चा ‘एजंट ऑरेंज’ कायदा, किनाऱ्याजवळील जहाजांवरील नौसैनिकांना तोच लाभ देणारा २०१९ चा कायदा आणि कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुराबाबत १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीने लागू झालेला ‘पॅक्ट’ कायदा या सर्वांत एक समान सूत्र आहे. सैनिक विशिष्ट काळी विशिष्ट प्रदेशात होता एवढे सिद्ध झाले की ठराविक आजारांचा सेवेशी संबंध गृहीत धरला जातो. म्हणून एका ओळीची अनुपस्थिती कर्करोगाच्या रुग्णाला वर्षानुवर्षे अडवू शकते.

*उगम.* अभिलेख-दुरुस्तीच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या दुरुस्ती मंडळांची स्थापना २ ऑगस्ट १९४६ च्या विधिमंडळ पुनर्रचना अधिनियमाने झाली. त्यापूर्वी सैनिकी अभिलेख बदलण्याचा मुख्य मार्ग काँग्रेसमधील (अमेरिकेच्या संसदेतील) खासगी, म्हणजे विशिष्ट व्यक्तीपुरत्या विधेयकाचा होता. यादवी युद्धातील सैनिकांवरील पलायनाचे शेरे काढून टाकणारी अशी विधेयके एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या संख्येने येत. मंडळांची मुळे दोन ठिकाणी दाखवता येतात. एका दृष्टीने ती १९४४ च्या ‘जीआय बिल’मध्ये (माजी सैनिकांना लाभ देणाऱ्या कायद्यात) आहेत, कारण त्याच्या कलम ३०१ ने सेवामुक्तीचे पुनर्विलोकन करणारी मंडळे निर्माण केली होती आणि १९४६ ची तरतूद हा त्यांचा स्वाभाविक विस्तार ठरतो. दुसऱ्या दृष्टीने हेतू माजी सैनिकांच्या सोयीचा कमी आणि काँग्रेसचा भार हलका करण्याचा अधिक होता. अधिनियमाची रचना दुसऱ्या मताला अधिक अनुकूल दिसते. त्याच्या कलम १३१ ने तीन प्रकारच्या खासगी विधेयकांवर बंदी घातली : नुकसानभरपाईचे काही दावे, नौकानयनयोग्य नदीवरील पुलांना परवानगी आणि सैनिकी अभिलेखांची दुरुस्ती. त्याच अधिनियमात पहिल्या दोहोंसाठी स्वतंत्र पर्यायी व्यवस्था आहे आणि तिसऱ्यासाठी कलम २०७. पूल आणि पलायनाचा शेरा एकाच वाक्यात येतात, ते काँग्रेसच्या कामाच्या वाटणीमुळे. असे असले तरी ‘चूक सुधारण्यासाठी किंवा अन्याय दूर करण्यासाठी’ हे कलम २०७ मधील शब्द १९४४ च्या तरतुदीपेक्षा पुष्कळ व्यापक आहेत आणि पुढील सर्व इतिहास त्यांवरच उभा आहे. १९५१ च्या सुधारणेने दुरुस्तीपोटी थकबाकी देण्याचा अधिकार स्पष्ट केला व अर्जाला मुदत घातली. ही तरतूद आज अमेरिकन संहितेच्या (संघराज्याच्या कायद्यांच्या संकलनाच्या) दहाव्या खंडातील कलम १५५२ म्हणून ओळखली जाते.

*१९७३ ची आग.* १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर सेंट लुइसच्या ओव्हरलँड उपनगरातील राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राच्या सहाव्या, सर्वांत वरच्या मजल्यावर आग लागली. ती सुमारे २२ तास आटोक्याबाहेर होती आणि पूर्ण विझण्यास चार दिवस लागले. वास्तुविशारद मिनोरू यामासाकी यांनी आराखडा केलेल्या या इमारतीत अभिलेखांच्या मजल्यांवर पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. फवाऱ्यांमुळे कागद भिजण्याची भीती त्या काळी अनेक अभिलेखपालांना आगीपेक्षा मोठी वाटे. नष्ट झालेल्या फायलींची संख्या १.६ ते १.८ कोटी अशी दिली जाते. ती मोजणी नसून अंदाज होय, कारण फायलींची सूचीच अस्तित्वात नव्हती. त्यांच्या प्रती किंवा सूक्ष्मपटही (मायक्रोफिल्म) काढलेले नव्हते. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात मुक्त झालेल्या भूसैनिकांचे सुमारे ८० टक्के अभिलेख गेले. २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळातील वायुसैनिकांपैकी, आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमात ‘हबर्ड’च्या पुढे येणाऱ्यांचे सुमारे ७५ टक्के अभिलेख गेले. नौसेना व मरीन दलाच्या फायली मात्र वाचल्या.

आगीचे कारण निश्चित झालेले नाही. सहाव्या मजल्यावरचे छत कोसळले, ढिगारा अवजड यंत्रांनी उपसावा लागला आणि त्यातच उगमस्थानाच्या खुणा नाहीशा झाल्या. जाळपोळ, विजेचा बिघाड आणि पेटती सिगारेट अशा तिन्ही शक्यता पुढे आल्या. जाळपोळीचा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही. विजेच्या बिघाडाचे मत सावधपणे मांडले गेले असले, तरी त्यालाही भौतिक पुराव्याचा आधार तोकडा आहे. मजल्यावर धूम्रपान झाल्याची कबुली तपासात एका सफाई कामगाराने दिल्याचे नमूद आहे, परंतु ग्रँड ज्युरीने आरोप ठेवण्यास नकार दिला. उपलब्ध माहितीवरून सिगारेटची शक्यता इतर दोहोंपेक्षा अधिक संभवते. याहून ठाम विधान करणे योग्य होणार नाही.

सुमारे ६५ लाख जळक्या व भिजलेल्या फायली वाचविण्यात आल्या. त्यांतील पुष्कळशा मॅकडॉनेल डग्लस कंपनीच्या निर्वात कक्षात वाळविल्या गेल्या. तेव्हापासून पुनर्रचनेचे काम अखंड चालू असून ते दुय्यम कागदांवर चालते : तुकडीचा रोजचा हजेरी-अहवाल म्हणजे ‘मॉर्निंग रिपोर्ट’, अखेरच्या पगाराची पावती, रुग्णालयातील भरतीच्या नोंदी, सक्तीच्या भरतीची कागदपत्रे, माजी सैनिक विभागाकडील दाव्यांच्या फायली आणि राज्यांच्या सैनिकी कार्यालयांत राहिलेल्या प्रती. यांतील मॉर्निंग रिपोर्ट सर्वांत मोलाचा. जखमी होणे, बदली, रजा, परत येणे अशा त्या दिवशीच्या बदलांची त्यात नावानिशी नोंद असते. त्यासाठी कंपनी आणि निदान महिना तरी ठाऊक असावा लागतो. केंद्राचे कामकाज २०११ पासून सेंट लुइसजवळच स्पॅनिश लेक येथील नव्या इमारतीत चालते.

*कार्यपद्धती.* दुरुस्तीचे दोन स्तर आहेत. कागदोपत्री सिद्ध होणारी उणीव संबंधित दलाचे कर्मचारी कार्यालयच दूर करते. भूसेनेच्या बाबतीत हे काम केंटकीतील फोर्ट नॉक्स येथील मनुष्यबळ कार्यालयाकडे आहे. तेथे नकार मिळाला किंवा प्रश्न निर्णयबुद्धीचा असला, तर ‘डीडी-१४९’ या अर्जाने दुरुस्ती मंडळाकडे जावे लागते. भूसेना, नौसेना व मरीन दल, वायुसेना आणि तटरक्षक दल यांची मंडळे वेगळी असून अवकाश दलाचे अर्ज वायुसेनेचे मंडळ पाहते. सदस्य नागरी कर्मचारी असतात, हे मूळ कायद्यातील महत्त्वाचे पथ्य होय. वारसही अर्ज करू शकतात. मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची आहे, पण न्यायाच्या दृष्टीने ती माफ करता येते आणि पदकांच्या प्रकरणांत सहसा केलीही जाते.

मंडळ स्वतः शोध घेणारी यंत्रणा नाही. मूळ अभिलेख बरोबर असल्याचे गृहीत धरून ते पुढे जाते आणि विरुद्ध पुरावा देण्याचा भार अर्जदारावर असतो. फायली सरकारच्या ताब्यात होत्या, सरकारी इमारतीत जळाल्या आणि भार मात्र वृद्ध सैनिकावर, ही या पद्धतीतील सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. लाभाच्या दाव्यांबाबत माजी सैनिक न्यायालयाने अभिलेख नष्ट झालेले असताना शासनावर अधिक काळजीने विचार करण्याची जबाबदारी असल्याचे १९९१ मध्ये मान्य केले. दुरुस्ती मंडळांना तसे बंधन त्याच स्पष्टतेने लागू झालेले नाही.

पुराव्याच्या तपशिलात व्हिएतनामकालीन भूसैनिकांसाठी ‘डीए फॉर्म २०’ हे पत्रक निर्णायक ठरते. त्यातील रकाना ३१ परदेशातील सेवेचा, ३८ नेमणुकांचा, ४० जखमांचा आणि ४१ पदकांचा. ‘पर्पल हार्ट’साठी शत्रूच्या कृतीने जखम, तीवर वैद्यकीय उपचार आणि उपचाराची अधिकृत नोंद अशा तिन्ही गोष्टी लागतात. रकाना ४० कोरा असेल तर मंडळ हताहतांची यादी आणि १९६५ ते १९७३ मधील पदक-आदेशांची संगणकीय सूची तपासते. दोन्हीकडे नाव नसल्यास सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे क्वचितच पुरेशी मानली जातात. तुकडीला मिळालेले सन्मान आणि मोहिमांतील सहभाग मात्र तुलनेने सहज सिद्ध होतात, कारण त्यासाठी भूसेनेची छापील नोंदवही आहे. नेमणुकीची तारीख तिच्याशी ताडून पाहिली की काम होते. अलीकडच्या तैनातींसाठी प्रवासभत्त्याची बिले, वार्षिक कामगिरी-अहवाल आणि धोक्याच्या प्रदेशातील भत्ता दाखविणारी पगारपत्रके उपयोगी पडतात.

आदेश निघाला पण नोंदला गेला नाही, आणि शिफारसच कधी पुढे गेली नाही, या दोन स्थिती भिन्न आहेत. पहिलीत दुरुस्ती पुरते. दुसरीत मुदत टळलेली शिफारस काँग्रेसच्या सदस्यामार्फत नव्याने पाठवावी लागते. ही वाट दहाव्या खंडाच्या कलम ११३० ने खुली केली.

मंडळाच्या अधिकाराच्या मर्यादेबद्दलचा वाद ‘मेडल ऑफ ऑनर’ या सर्वोच्च शौर्यपदकाभोवती फिरतो. यादवी युद्धात सेवा केलेल्या शल्यचिकित्सक मेरी वॉकर यांना १८६५ मध्ये मिळालेले हे पदक १९१७ च्या फेरतपासणीत ९१० इतरांसह यादीतून काढले गेले. वॉकर यांनी ते परत केले नाही आणि १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या ते धारण करीत राहिल्या. १९७७ मध्ये भूसेनेच्या मंडळाच्या शिफारशीवरून ते पूर्ववत झाले. वॉकर नागरी करारावर होत्या, म्हणून पदकाच्या कायद्यात बसत नव्हत्या आणि मंडळाला तो कायदा ओलांडता येत नव्हता, असे काही लष्करी विधिज्ञांचे मत आहे. ‘अन्याय’ हे चुकीहून वेगळे, स्वतंत्र कारण म्हणून कायद्यात आहे हे लक्षात घेता मंडळाची बाजू अधिक ग्राह्य वाटते. १९८९ मध्ये ‘बफेलो बिल’ कोडी यांच्यासह पाच नागरी वाटाड्यांची पदके याच मार्गाने परत आली. त्या निर्णयावर तितकी चर्चा झालेली नाही.

मंडळाचा निर्णय मनमानी किंवा पुराव्याला सोडून असेल तर न्यायालय तो रद्द करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये नमूद केले. प्रत्यक्षात न्यायालये सहसा हस्तक्षेप टाळतात.

*भारत.* भारतात अशी नागरी मंडळे नाहीत. जवानाच्या सेवेतील घडामोडी ‘पार्ट टू ऑर्डर’ने नोंदल्या जातात, सेवामुक्तीच्या वेळी त्याला डिस्चार्ज बुक मिळते आणि दुरुस्तीचा अर्ज त्याच्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातो, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे ते कार्यालय बेळगाव येथे आहे. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये अर्ज लिहिण्यास व पाठविण्यास मदत करतात. दाद न मिळाल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.